दहा कोयते, त्यातले दोन अर्धे

चकलांब्याच्या बायनाबाईनं पिच्चरच्या हिरोचं बोट कापलं, ही खबर शूटिंगच्या दिवशी दुपारपर्यंत गेवराईला पोचली होती. संध्याकाळच्या एसटीनं ती बीडला गेली तेव्हा एका बोटाची तीन बोटं झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा हिरोचा अख्खा पंजा बर्फाच्या डब्यात घालून पुण्याला नेला होता. चहाच्या गाड्यावर एकानं तर तो डबा डोळ्यांनी बघितला होता. निळ्या झाकणाचा.

खरं इतकंच, की बोट शाबूत आहे. हिरोची दहाच्या दहा बोटं आजही मोबाइलवरच्या फोटोत दिसतात, त्यातली दोन कायम वर केलेली. बायनाबाईनं कापलं काहीच नाही. ती फक्त म्हणाली, "कट." मग कुणीतरी सांगितलं, 'बायनाबाईनं हिरोला कट केलं'. ऐकणाऱ्यानं तिच्या हातातला कोयता आठवला आणि बोट पदरचं घातलं. गावात कुठलीही गोष्ट जशीच्या तशी पुढं पाठवणं हा उद्धटपणा समजतात.

बायनाबाईच्या भिंतीला भिंत लागून संस्कृतीचं घर. संस्कृती म्हणजे हे लिहिणारीच. पण 'मी, मी' करत लिहिलं की माणूस स्वतःला शहाणं करून घेतं, म्हणून तिला संस्कृतीच म्हणू. अकरावीत आहे, आवाज काढते. सरपंचाचा खोकला, एसटीच्या कंडक्टरचं 'चला पुढं सरका', शाळेतल्या सरांचं 'विषय समजला का, न समजला का' हे सगळं तिच्या घशात आहे. पण गावाला सगळ्यात आवडायची ती तानाजी मुकादमाची हजेरी. ऊसतोडीला निघताना टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवून, पानाची पिंक डाव्या गालात सरकवून तानाजी जशी घ्यायचा तशी: "एक कोयता, दोन कोयता, तीन कोयता... अन् अर्धा कोयताऽऽ बायनाबाई!" त्या 'अर्धाऽऽ'वर माणसं पोट धरून हसायची.

आता कोयता म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यातच आहे. पुण्यात कोयता म्हणजे लोखंडाचं पातं आणि लाकडी मूठ. चकलांब्यात कोयता म्हणजे नवरा-बायको. नवरा तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावर घेते, दोघं मिळून एक कोयता. नवरा मेला की बायको अर्धा कोयता होते. बायनाबाईचा नवरा उसाच्या फडातच गेला, पाच वर्षांमागं, छातीत कळ येऊन. तेव्हापासून ती अर्धी. तोडायची पण तीच, बांधायची पण तीच, काम दीड माणसाचं, मोजायची मात्र अर्धी.

आणि शूटिंगच्या वर्षी तानाजीनं जाहीर केलं, "यंदा अर्धे कोयते न्यायचे न्हाईत. टेम्पोत जागा न्हाई, कारखाना कटकट करतो. जोडी आसंल तर चला, न्हाईतर ऱ्हावा गुमान घरी."

बायनाबाईला घरी राहून चालण्यासारखं नव्हतं. सहा महिने गावात काम कुणाकडं होतं? ती तानाजीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मुकादम, मी काय अर्ध्या पायानं चालते का?"

"आगं, मी कुठं म्हणतो? हिशेबच तसा हाय."

"मग मोळी अर्धी बांधते का?"

तानाजीनं सुटका म्हणून मोबाइल कानाला लावला. योगायोगानं तो खरंच वाजत होता.

पलीकडून पुण्याचा गोड आवाज आला. पिच्चरच्या दिग्दर्शकाचा, म्हणजे अभिमन्यू सरांचा, मदतनीस बोलत होता. उसातला क्लायमॅक्स चकलांब्यात घ्यायचा ठरला होता, आणि कुणीतरी त्यांना तानाजीचा नंबर दिला होता.

"नमस्कार दादा, आम्हाला ना उद्या सकाळी सातला दहा कोयते हवे आहेत."

"मिळतील की."

"आणि दादा, जुने असतील तर उत्तम. म्हणजे अगदी झिजलेले, गंजलेले. नवे चकचकीत नकोत."

तानाजीला जरा नवल वाटलं. पण मोठ्या लोकांची आवड, आपण कोण विचारणारे? "म्हातारेच आणतो की मग," तो म्हणाला. पलीकडच्याला वाटलं हा ग्रामीण विनोद आहे, आणि तो ग्रामीण विनोदाला हसतात तसा हसला.

तानाजीनं गावातली सगळ्यात झिजलेली जोडपी गोळा केली. नऊ भरली. दहावं मिळेना. तेव्हा त्यानं मघापासून दारातच उभ्या असलेल्या बायनाबाईकडं बघितलं आणि मग पाराकडं, जिथं सत्तरीचा रंडका तात्याबा बसल्या बसल्या झोपला होता. अर्धा आणि अर्धा, एक.

"शूटिंगला चल," तो बायनाबाईला म्हणाला. "मग बघू तुझं."

या 'मग बघू'वर भरवसा ठेवून बायनाबाई दुसऱ्या दिवशी सहा वाजता कोयता घासून तयार होती.

सातला टेम्पोतनं वीस माणसं उतरली, आणि मागनं शाळा बुडवलेली संस्कृती. अभिमन्यू सर डोक्याला उलटी टोपी घालून उसाकडं बघत होते, जसं काही उसानं त्यांच्याकडून शिकायचं होतं. मदतनीस पळत आला.

"दादा, कोयते कुठायत?"

"हे काय. मोजून घ्या. नऊ पुरे, दोन अर्धे."

"अर्धे म्हणजे तुटलेले?"

"तुटलेलेच म्हणायचे," तानाजी म्हणाला. "ही बायनाबाई, हा तात्याबा."

मदतनिसाचा चेहरा संस्कृती आजही करून दाखवते, पण तो कागदावर येत नाही. अभिमन्यू सरांनी मात्र क्षणात परिस्थिती ताब्यात घेतली. "नाही, नाही, थांब. हे तर अजून छान आहे. हे किती रॉ आहे बघ. हे चेहरे बघ. हे मला पुण्यात कुठं मिळणार?" आणि बायकांपुढं जाऊन, लहान पोराशी बोलावं तसं सावकाश म्हणाले, "मावशी, आज तुम्ही सगळ्यांनी इतिहास घडवायचाय हं."

"किती वाजस्तोर?" बायनाबाईनं विचारलं.

अभिमन्यू सरांचं क्लायमॅक्सचं शास्त्र साधं होतं. त्यांनी ते सगळ्यांना गोल बसवून समजावलं. क्लायमॅक्स विसरता येऊ नये असं वाटत असेल तर चार गोष्टी लागतात: पाऊस, ढोल, दोन पानी डायलॉग आणि आईचा किंवा बायकोचा हंबरडा. पावसासाठी त्यांनी गेवराईहून पाण्याचा टँकर मागवला होता.

तो टँकर नऊला गावात शिरला. चकलांब्यात टँकर आल्यावर काय होतं हे पुण्याला कोण सांगणार? पहिल्या गल्लीत एक पोरगी ओरडली, "टँकर आला वं!" आणि हंडे, घागरी, ड्रम, बादल्या, एक पिठाचा डबासुद्धा बाहेर पडला. ड्रायव्हरला वाटलं हेच शूटिंग. अर्ध्या तासानं टँकर फडावर पोचला तेव्हा त्यात पाऊस पडण्याइतकं राहिलं नव्हतं, शिंतोड्याइतकंही नाही. पिच्चरमधला पाऊस गावानं चार दिवस प्यायला.

"ठीक आहे," अभिमन्यू सर दात आवळून म्हणाले. "ड्राय क्लायमॅक्स. अजूनच ऑर्गॅनिक."

प्रसंग असा होता. तात्याबा मेलेला. बायनाबाई त्याची बायको, तिनं छाती पिटून हंबरडा फोडायचा. मागं अठरा जणांनी डोळे पुसायचे. आणि हिरो, जो गोष्टीत ऊसतोड्या होता आणि ज्याच्या दंडाला दोन माणसांच्या मांडीएवढा घेर होता, त्यानं कोयता उगारून दोन पानं बोलायची.

तात्याबानं आपलं काम उत्तम केलं. आडवा झाला आणि लगेच झोपला. एवढंच की मेलेला माणूस घोरत होता.

हिरोनं सुरुवात केली. संस्कृतीला ती दोन्ही पानं पाठ आहेत. श्वास कुठं घेतो, नाकातनं कुठं बोलतो, सगळं. "या उसाच्या कांड्याकांड्यात माझ्या बापाचं रक्त आहे! साखर गोड लागते ना तुम्हाला? ती आमच्या घामानं गोड आहे! आज हा कोयता ऊस नाही तोडणार, आज हा कोयता..." इथं तो तीन सेकंद थांबायचा, नाकपुड्या फुगवायचा, "...इतिहास तोडणार!"

घाम गोड कसा, असं मागच्या एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं.

तर 'इतिहास तोडणार' म्हणत हिरोनं कोयता असा फिरवला की तो उसाऐवजी त्याच्याच नडगीकडं निघाला. बायनाबाईनं चाळीस वर्षांत लोकांच्या किती नडग्या बघितल्या असतील. सकाळपासून एक शब्द ऐकून ऐकून तिला कळलं होतं की तो म्हटला की सगळं जागच्या जागी थांबतं. ती बसल्या जागेवरून ओरडली, "कट!"

आणि सगळं थांबलं. हिरोचा हात पण.

अभिमन्यू सर खुर्चीतनं उठले. "मावशी, कट फक्त मी म्हणतो."

"मग म्हणायचं की वक्तावर. ह्या लेकराची नडगी गेली आसती अन् तुमी त्या डब्यात बघत बसला आसता." मग हिरोकडं वळून, "बाबा, आसा न्हाई धरायचा. आसा धर. तू काय ढोल वाजवाया आलास का?"

पूर्ण युनिट हसलं. हिरो हसला नाही. झालेली घटना एवढीच, आणि याचा पुढं निळ्या झाकणाचा डबा झाला.

खरी अडचण हंबरड्याची होती. बायनाबाई रडेना. सहा वेळा केलं. डोळ्यात काहीतरी औषध घातलं, तर ती म्हणाली, "कांदा तरी बरा." शेवटी अभिमन्यू सर तिच्या शेजारी मातीत बसले. युनिटमधल्या एकानं लगेच त्यांचा मातीत बसलेला फोटो काढला.

"मावशी, असं समजा, तुमचा नवरा गेलाय."

मग तानाजी खाकरला. "साहेब, तिचा खरंच गेलाय. फडातच."

"ग्रेट!" अभिमन्यू सरांच्या तोंडून निघालं. "म्हणजे, सॉरी. पण... ग्रेट. मावशी, मग तेव्हा जसं रडलात ना, अगदी तसं हवंय मला."

"ती रडली न्हाई," तानाजी म्हणाला. "टोळीत बदनाम हाय त्यापायी. बाईला काळीज न्हाई म्हणत्यात लोकं."

"का नाही रडलात?"

"टरॅक्टर भरायला हुबा होता," बायनाबाई म्हणाली.

अभिमन्यू सरांनी मदतनिसाकडं बघितलं, मदतनिसानं तानाजीकडं, तानाजीनं उसाकडं.

"साहेब," बायनाबाईनं विचारलं, "तवा केलं तसंच करू का?"

"हो! तसंच! अगदी तसंच!"

तर तिनं तसंच केलं. कॅमेरा चालू झाला, हिरोनं रक्ताचं कांडं सुरू केलं. बायनाबाई तात्याबापाशी गेली. त्याच्या डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि त्याच्या तोंडावर ठेवली. घोरणं थांबलं. त्याच्या हातातला कोयता सोडवून घेतला. बोटं आवळलेली होती, ती एकेक करून उघडावी लागली. मग पाठ फिरवून सरीत गेली आणि वाकली. तोडला, पाचट काढून साळला, टाकला. तोडला, साळला, टाकला. मोळीभर झाला तसा वाढ्याला, म्हणजे शेंड्याच्या पाल्याला, पीळ दिला, मोळी आवळली, गुडघा लावून गाठ बसवली. उठली. मोळी एकटीनं डोक्यावर घेतली. एरवी ती उचलून द्यायला दुसरा माणूस लागतो. ती क्षणभर त्या दुसऱ्या माणसासाठी थांबली, सवयीनं. नुसतं मान किंचित वळवण्याइतकं. आणि मग एकटीनं घेतली.

मागच्या अठरा जणांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मोळी निघाली म्हटल्यावर तेही वाकले. हिरो दुसऱ्या पानावर होता. 'इतिहास'पाशी नाकपुड्या फुगवून थांबला, तर समोर ऐकायला सगळ्या पाठीच. त्याचा आवाज तिथंच राहिला.

कट कुणी म्हणालंच नाही. अभिमन्यू सर विसरले. शेवटी टोपीखालून तात्याबा म्हणाला, "झालं का?"

मग अभिमन्यू सर जागे झाले आणि त्यांचे पहिले शब्द होते, "हे मी असंच प्लॅन केलं होतं."

त्या दिवाळीनंतर टेम्पो निघाला तेव्हा बायनाबाई तिच्या वळकटीसकट पायरीपाशी उभी होती. तानाजी म्हणाला, "तू लई झ्याक काम केलंस बायना, पण यंदा न्हाई जमत. पुढल्या साली बघू." टेम्पो गेला. त्या हिवाळ्यात ती लोकांच्या कापसात फिरली, मिळेल ते वेचत. आणि संस्कृती? संस्कृतीनं त्या हिवाळ्यात 'अर्धा कोयताऽऽ'चा खेळ तीन लग्नांत केला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण टाळ्या लई पडल्या होत्या.

पुढच्या वर्षी दसऱ्याला पिच्चर लागला. बीडमध्ये, दुपारचा खेळ, तीनच दिवस. तानाजीनं टेम्पो काढला आणि सगळे झिजलेले-गंजलेले कोयते बघायला गेले. हिरोची दोन पानं कापून अर्धं पान केली होती. ते अर्धं पान चालू असताना टॉकीजमध्ये निम्मी माणसं मोबाइल बघत होती, बाकीची समोसे. मग तात्याबाच्या तोंडावर टोपी आली. समोसेवाला पोरगा जिन्यात होता तिथंच राहिला. ढोल नाही, पाऊस नाही, एक शब्द नाही. नुसता पात्याचा आवाज. बाईनं मान किंचित वळवली तेव्हा पुढच्या रांगेतला एक बाप्या, जो सुरुवातीपासून शिट्ट्या मारत होता, नाक शिंकरायला लागला.

शेवटी नावं आली. खूप आली. मेकअपवाल्याचं, जेवणवाल्याचं, टँकरवाल्याचंही. बायनाबाई आपलं नाव शोधत नव्हती, वाचता येत नव्हतं. संस्कृती शोधत होती. सगळ्यात खाली होतं: 'विशेष आभार: तानाजी मुकादम व त्यांचे दहा कोयते.'

तानाजीनं त्याचा फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. अभिमन्यू सरांनी मुलाखतीत सांगितलं की ती पाठमोरी बाई तीन वर्षं त्यांच्या मनात चालत होती.

परतताना टेम्पोत संस्कृती फॉर्मात होती. "आख्खा पिच्चर करून दाखवते उद्या पारावर. एकटी. हिरो, साहेब, तात्याबाचं घोरणं, सगळं. शेवटासकट."

"शेवट न्हाई व्हायचा तुला," बायनाबाई म्हणाली.

"कावून? माझ्या घशात न बसलेला आवाज अजून जन्माला यायचाय, आत्या."

"लाव मग शर्त."

टेम्पोतली सगळी माणसं मान वर करून बघायला लागली. संस्कृतीनं शर्त सांगितली: आपण जिंकलो तर बायनाबाईनं पारावर छाती पिटून तो राहिलेला हंबरडा फोडायचा, अभिमन्यू सरांच्या नावानं. लोकं हसली. बायनाबाई पण हसली.

"अन् हरलीस तर?"

"तू सांग."

"तर मला अर्धी म्हणायचं न्हाई. तू न्हाई, अन् दुसरा कोण म्हणला तर तिथल्या तिथं तू खोडायचं. कुणाचं का आसंना."

दुसऱ्या दिवशी पारावर एवढी माणसं होती की सरपंचाच्या सभेला नसतात. संस्कृतीनं हिरो केला, नाकपुड्यांसकट. लोकं लोळली. 'ग्रेट! म्हणजे, सॉरी. पण ग्रेट' केलं, तर तानाजी स्वतः पानाची पिंक गिळून बसला. तात्याबाच्या घोरण्याला खुद्द तात्याबानं दाद दिली. मग शेवट आला. संस्कृती पुढं सरकली, तोंड उघडलं.

आणि काढायला काही नव्हतंच.

आवाज नव्हता. शब्द नव्हता. तिनं पात्याचा आवाज काढून बघितला, तर तो आडकित्त्यासारखा आला. पाठ फिरवून बघितली, तर ती पाठ अकरावीतल्या पोरीची होती, दप्तराचं ओझं उचललेली. मान किंचित वळवून बघितली. तिचं अजून कुणीच गेलं नव्हतं. मान कुणासाठी वळवायची? ती तशीच उभी राहिली, तोंड उघडं.

"मग?" गर्दीतनं कुणीतरी म्हणालं.

पाराच्या कडेला बसलेली बायनाबाई म्हणाली, "कट."

त्या दिवशी सगळ्यात मोठा हशा त्यालाच पडला.

दिवाळीनंतरच्या बुधवारी सकाळी टेम्पो निघाला. तानाजीनं पायरीवर पाय ठेवला, पिंक डाव्या गालात सरकवली. बायनाबाई वळकटी घेऊन मागच्या वर्षी उभी होती तिथंच उभी. ह्या खेपेला तिनं विचारलंही नव्हतं.

"एक कोयता, दोन कोयता..." करत तानाजी सातपर्यंत आला, आठवा चढला, आणि त्याची नजर तिच्यावर गेली. "हिला सांगितलं ना, अर्धा..."

"...एक कोयता, बायनाबाई!"

आवाज तानाजीचा होता. तोच घोगरा, तीच डाव्या गालातली पिंक. फक्त तानाजीचं तोंड मिटलेलं होतं. त्यानं मागं बघितलं, पुढं बघितलं, गर्दीत कोण हसतंय ते बघितलं. सगळेच हसत होते. "तुमीच म्हणला की मुकादम," पारावरनं तात्याबा म्हणाला, "आमी ऐकलं." एवढ्या माणसांसमोर दिलेला शब्द, तोही स्वतःच्या आवाजात, मुकादम कसा फिरवणार?

तोवर बायनाबाई वळकटी टाकून चढली पण होती. टेम्पो हलला तसं तिनं भिंतीआडच्या संस्कृतीकडं बोट केलं आणि ओरडून सांगितलं, "शर्त एका दिवसाची न्हाई बरं का!"

नाहीच. परवा शाळेत हजेरी चालू असताना मागच्या बाकावरच्या एकानं 'अर्धा कोयता' म्हटलं, तर संस्कृतीला उभं राहून खोडावं लागलं. सरांनी तिला तासभर बाहेर काढलं. शर्त हरली होती, काय करणार?